आत सगळं येतं

दौलतचा एक नियम होता. तक्रार मिटल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरातून पाय काढायचा नाही. मग तिथे दोनदा चहा होवो, नाहीतर लेकीच्या लग्नाचा अल्बम पहिल्या पानापासून बघावा लागो. धंदा वायरीवर चालत नाही, भरवशावर चालतो, असं त्याचं म्हणणं. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला तो खुर्ची ओढून घेत सांगायचा, "काळजी कशाला करताय? मी बसलोय ना!" हे वाक्य त्याच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की दुकानातली पोरं त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायची, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

शाळा त्याने आठवीतच सोडलेली. केबलच्या जमान्यात गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकल्या. पुढे इंटरनेट आलं, तेही असंच हात भाजून घेत शिकला. आता स्टेशनच्या पूर्वेला त्याचं दुकान होतं आणि अर्ध्या वस्तीत त्याची लाईन. नेट साफ बंद पडलं तर तो पोरांना पाठवी. पण 'काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत' अशी तक्रार आली की स्वतः निघायचा. त्या तक्रारीत त्याला गोडी होती. नौपाड्यातल्या श्रीपादकाकांची गोष्ट तो नेहमी रंगवून सांगे. काकांच्या कॉम्प्युटरवर गाणी झकास चालायची, पण बँक उघडायची नाही, सरकारी साइट उघडायची नाही. काकांनी कंपनीला तीन पानी पत्रं लिहिली, शुद्ध भाषेत. दौलत गेला, चहा प्यायला, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. कॉम्प्युटरची तारीख कधीतरी मागे जाऊन दहा वर्षांपूर्वीच्या सालावर अडकली होती. "बँकेला वाटतं हा माणूस खोटा आहे, काका. गाण्यांना काय, ती कुणापुढेही वाजतात."

त्या दिवशी दुकानाचं शटर वर करतानाच मोबाइलवर तक्रार आली. लक्ष्मीसागर, तळमजला. काही साइट उघडतात, काही नाही. गणपती होऊन गेले होते, ऑक्टोबरचं ऊन कडकडीत लागत होतं. विनिताने, त्याच्या बायकोने, जेवायच्या वेळेला परत यायचं वचन घेतलं आणि तो बॅग घेऊन निघाला.

लक्ष्मीसागर ही खाडीच्या बाजूची शेवटची इमारत. तिच्यापुढे रस्ता संपतो आणि चिखल सुरू होतो. फाटकाशी मीराबाई गोणपाटावर बोंबील वाळत घालून बसली होती. ही तिथल्या जुन्या गावातली म्हातारी. दौलतला तो पोरगेला होता तेव्हापासून ओळखायची.

"कनच्या घरी रं?"

"तळमजल्यावर. नेटची तक्रार आहे."

"त्या घरातून तक्रार बाहेर आली?" मीराबाईचा हात बोंबलांवर थांबला. "नवल हाय. हितं आमचं मिठागर व्हतं, तुला ठावं हाय ना? उधानाचं पानी आत घ्याचं न उघारी लावाची. मंग ते पानी बाहेर जात नाय. तिथंच सुकतं, त्याचं मीठ व्हतं. पन पावसाच्या आधी उघारी उघराची. दर्याचं दर्याला परत द्याचं."

उघाडी म्हणजे मिठागराच्या तोंडावरची लाकडी झडप. एवढं दौलतला माहीत होतं.

"मग?"

"मंग काय. बिल्डरनी भरल्या मिठागरावर माती ओतली. उघारी लावलेली ती लावलेलीच."

"मीराबाई, मी वायर बघायला आलोय, खाडी नाही."

"बग, बग," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा बोंबील उलटे करू लागली.

तळमजल्याचं दार एका तरुण मुलीने उघडलं. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. ओठ फुटलेले, हातांची कातडी भर थंडीत होते तशी पांढुरकी. आत पाऊल टाकल्याबरोबर दौलतच्या नाकात वास भरला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाचा, खारट, कुजका. खोली तशी लहानच. त्यात भिंतीला लागून पाण्याचे मोठे निळे जार, एकावर एक पार्सलचे खोके, आणि मधोमध टेबलावर लॅपटॉप.

"निशिगंधाताई ना? नेटची तक्रार होती तुमची."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तक्रार? काका, मी आठ दिवस तक्रार करायची खटपट करतेय. तुमची साइटच उघडत नाही. फोन लावला तर लागत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वरच्या मजल्यावर कुणीतरी स्वतःच्या तक्रारीबरोबर तुमचीही केली असेल," दौलत म्हणाला. गिऱ्हाइकाला कोडी घालत बसायचं नाही, हाही त्याचा एक नियम. "बोला, काय चालत नाही?"

ती नर्स होती, चिपळूणकडची. इथलं नर्सिंग होम बंद झालं आणि तिची नोकरी गेली. आता नाशिकच्या एका हॉस्पिटलात तिची निवड झाली होती. त्यांच्या साइटवर जाऊन 'स्वीकारते' एवढंच दाबायचं होतं. आज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत. नाही दाबलं तर जागा पुढच्या नावाला जाणार.

"आणि ती साइट उघडत नाही. रेल्वेच्या तिकिटाची उघडत नाही. भाड्याची घरं बघायची उघडत नाही. मालिका बघा, हव्या तेवढ्या. किराणा मागवा, कपडे मागवा, सगळं घरपोच."

"मग ताई, रस्त्यापलीकडे माझं दुकान आहे. तिथून एका मिनिटात झालं असतं."

निशिगंधा नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. मग म्हणाली, "आधी बघा ना तुम्ही."

दौलत कामाला लागला. तारीख बघितली, बरोबर होती. राउटर बंद करून चालू केला. साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा एक सर्व्हर असतो, तो गंडला तर निम्म्या साइट सापडत नाहीत; तो बदलून दुसरा घातला. मालिका पळत होती. हॉस्पिटलच्या पानावर मात्र ते गोल चक्र फिरत होतं... फिरतच होतं. राउटर मधून काढून वायर थेट लॅपटॉपला लावली. तेच. बॅगेतला कोरा राउटर काढून लावला. तेच. जुन्या राउटरच्या भोकातून बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. त्याने उजेडात धरलं. मीठ होतं. बारीक, चमचमतं.

"इथे ओल फार आहे," तो म्हणाला.

"ओल?" ती हसली, पण हसण्यात जीव नव्हता. "नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, काका."

भिंतीला लोणा धरला होता. जमिनीपासून वीतभर उंचीची पांढरी कड, चारही भिंतींना एकाच रेषेत, जशी पाण्याची पातळी असावी.

मग दौलतने ते केलं जे सुरुवातीलाच करायला हवं होतं. स्वतःचा मोबाइल काढला. त्यात दुसऱ्याच कंपनीचं सिम. त्याच्या वायरीशी, त्याच्या राउटरशी काही संबंध नाही. हॉस्पिटलची साइट टाकली. गोल चक्र. तिकिटाची टाकली. गोल चक्र. तो उठून दाराबाहेर गेला. उन्हात पाऊल पडतं न पडतं तोच दोन्ही पानं टपकन उघडली.

तो पुन्हा आत आला. दुसरं पान टाकलं. चक्र.

एवढ्या वर्षांत शेकडो घरं त्याने बघितली होती. एका घरात रोज संध्याकाळी नेट जायचं, कारण आजी मिक्सर लावायला राउटरचा प्लग काढायची. पण असं घर... जिथे भिंत ओळखते कुठली साइट आहे ते... असं त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मनातल्या मनात दोन ढीग केले, दुकानात माल लावतात तसे. चालतं ते सगळं आत आणणारं. किराणा, कपडे, करमणूक. चालत नाही ते सगळं बाहेर नेणारं.

"फोनचं काय म्हणालात मघाशी?" त्याने विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"येतात. जात नाहीत. आईचा रोज येतो. ती बोलते, मला स्पष्ट ऐकू येतं. माझं तिला ऐकू जात नाही." निशिगंधाने ओठांवरून जीभ फिरवली. "ती हॅलो हॅलो म्हणत राहते. बोल ना गं, म्हणते. मग रडते. मग ठेवते."

"तुम्ही बाहेर कधी पडला होता, ताई? शेवटचं?"

"गणपतीत." ती दाराकडे बघत होती. "निघते हो मी. रोज निघते. दारापर्यंत जाते आणि काहीतरी राहिल्याचं आठवतं. गॅस बंद केला का. चार्जर घेतला का. परत येते, आणि घसा असा सुकतो की आधी पाणी पिते. मग बसते जरा... मग संध्याकाळ झालेली असते."

"जार कुठून मागवता?"

"मी नाही मागवत. एक सूरज म्हणून आहे, तो ठेवून जातो. म्हणतो, ऑर्डर आहे तुमच्या नावाने. कुणी दिली, त्याला माहीत नाही."

दौलतने जारांकडे पाहिलं. मानेला कागदी पट्ट्या होत्या. पुढच्यांवर निशिगंधाचं नाव. मागचे रिकामे, धूळ बसलेले. त्यांच्यावर रतन भोईटे. रतनला तो ओळखत होता. त्याचं पूर्वीचं गिऱ्हाईक, इथलाच भाडेकरू.

"रतन भेटला होता का तुम्हाला?"

"त्यांनीच तर खोली दाखवली. फार घामेजले होते. म्हणाले, जरा बसा, मालकांकडून चावी आणतो. मी या खुर्चीत बसले. ते गेले ते परत आलेच नाहीत. चपलासुद्धा अजून इथेच आहेत त्यांच्या. काका, अनवाणी धावत गेले ते."

फरशीखाली काहीतरी वाजलं. पिंप भरताना वाजतं तसं, खोल, संथ. बाहेर भरती लागली असावी. दौलतच्या मानेवरचा घाम एकाएकी गार झाला. भीती त्याला ठाऊक नव्हती असं नाही, पण गिऱ्हाइकापुढे ती दाखवायची नसते. आणि त्याच्याजवळ अजून एक युक्ती शिल्लक होती. लाईनवाल्यांची जुनी पद्धत: दोष सापडत नसेल तर दोन टोकांना दोन माणसं उभी करायची. एक आत, एक बाहेर.

"उठा," तो म्हणाला. "तुमचा मोबाइल घ्या. तुम्ही बाहेर उन्हात जाऊन ती साइट उघडा, मी इथे लॅपटॉपवर बघतो. दोन्हीकडून एकदम. कळेल काय ते."

ती उठली आणि तो तिच्या खुर्चीत बसला. खुर्ची दमट होती. निशिगंधा दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. पाय उंबऱ्याच्या आतच.

"काका... गॅस..."

"गॅस मी बघतो."

"चार्जर राहिला..."

"मी आणून देतो. जा तुम्ही."

"काका, घसा... एक घोट घेते आणि..."

ती वळू लागली. तिच्या चेहऱ्यावरचं ते वळणं बघून दौलतला कणव आली. घरी त्याची भाची होती एवढ्याच वयाची. तो खुर्चीत नीट टेकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काळजी कशाला करतेस, पोरी? मी बसलोय ना इथे!"

फरशीखालचा आवाज थांबला.

निशिगंधाने असा श्वास घेतला, जसा कुणी तिच्या छातीवरचा हात काढून घेतला असावा. आणि तिने उंबरा ओलांडला. सहज. भाजी आणायला निघावं तसा.

"उघडली! काका, उघडली!" बाहेरून तिचा आवाज आला. क्षणभराने पुन्हा, चिरकत, "दाबलं! झालं! स्वीकारलं म्हणून आलं त्यांचं!"

"शाब्बास! आता आत येऊ नकोस," दौलत खुर्चीतून ओरडला. "ऐकतेस ना? सामान मी पोरांकडून पाठवतो. तू सरळ रिक्षा कर आणि स्टेशन गाठ!"

तिच्या धावत्या पावलांचा आवाज तेवढा आला, मग फाटकाची कडी, मग रिक्षा.

दौलत हसला. दोष कळला नव्हता, पण गिऱ्हाइकाचं काम झालं होतं, आणि शेवटी धंद्यात तेवढंच बघायचं असतं. त्याने वायर गुंडाळली, राउटर बॅगेत टाकला, बॅग खांद्याला लावली आणि दारापर्यंत आला. बाहेर ऊन होतं. मीराबाईचे बोंबील दिसत होते. एक पाऊल.

पक्कड राहिली.

वीस वर्षांची त्याची पक्कड, लाल मुठीची. ती कशी टाकून जायची? तो परत फिरला. टेबलावरून ती उचलली, खिशात घातली आणि दारापर्यंत आला. टॉर्च. टॉर्च घेतला होता का? बॅग उघडून बघितलं, होता. बॅग बंद करता करता घसा असा कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटली. त्याने जारातून भांडंभर पाणी घेतलं आणि घटाघटा प्यायला. तहान गेली नाही. तो जरासा बसला.

मगच त्याला रतन भोईटे आठवला. अनवाणी.

मोबाइल वाजला. निशिगंधा.

"काका, मी रिक्षात बसले. तुम्हीही निघा हं लगेच. काका, त्या खुर्चीत नका बसू... मला आत्ता सुचतंय... हॅलो? काका?"

"निघतोय! ऐक, दुकानात फोन कर, पोरांना म्हणावं इकडे..."

"हॅलो? काका, आवाज येत नाहीये. बोला ना..."

तो ओरडला. घशाच्या शिरा ताणून ओरडला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली, आणि मग फोन बंद झाला. भिंतीवरची पांढरी कड त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात आली. मघाशी वीतभर होती. आता खुर्चीच्या बैठकीला लागली होती.

बाहेर मोटरसायकल थांबली. दारात एक माणूस उभा राहिला, दोन्ही हातांत निळे जार.

"अरे, दौलतशेठ! तुम्हीच इथे? मला वाटलं दुसरा कुणी दौलत असेल." सूरजने जार उंबऱ्याच्या आत ठेवले आणि मोबाइलवर बोट फिरवलं. "बघा, नाव तुमचं. पत्ता हाच. रोजचे दोन."

"कधी..." दौलतने ओठांवरून जीभ फिरवली. "ऑर्डर कधीची आहे?"

"आज पहाटेची. उजाडायच्या आधीची दिसतेय."

पहाटे तो झोपला होता. पहाटे लक्ष्मीसागरमधून तक्रारही आली नव्हती; ती आली शटर उघडताना. सूरज दोन हातांच्या अंतरावर उभा होता. धडधाकट माणूस. हात धरून खेचलं तर... दौलत पुढे झुकला. मला धरून बाहेर ओढ, सूरज. एवढं म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. तो ते म्हणाला, आणि त्याच्याच कानांवर त्याचाच आवाज पडला:

"ते जार... जरा आत सरकव."

"हे घ्या," म्हणत सूरजने जार पायाने आत ढकलले आणि निघून गेला. मोटरसायकलचा आवाज फाटकापर्यंत गेला, रस्त्याला लागला, आणि मग फरशीखालून तो संथ, भरत येणारा आवाज पुन्हा सुरू झाला.

दौलतच्या मोबाइलवर मेसेज आला. त्याच्याच कंपनीचा. लक्ष्मीसागर, तळमजला, तक्रार मिटली. दौलतने ती मिटवली नव्हती. खाली गिऱ्हाइकाच्या शेऱ्याची जागा असते. बहुतेक जण ती कोरीच सोडतात. तिथे कुणीतरी लिहिलं होतं:

माणूस आला. बसला आहे.